बाळ झोपल्यावर तिला झोप लागते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. धाकटी बहीण बाळंतपणाला माहेरी, सांगली जिल्ह्यात आली आहे. सिझेरियन होऊन आज २६ दिवस झाले. ही दुसरी मुलगी. थोरली चार वर्षांची, तिची शाळा बुडू नये म्हणून तिला पुण्याला सासूबाईंजवळ ठेवलं आहे. दिवेलागणीला बहिणीचे डोळे भरून येतात, जेवणावर वासना नाही, बाळाला पाजते पण त्याच्याकडे बघत नाही. परवा म्हणाली, "ही माझी वाटतच नाही." आई म्हणते, ओली बाळंतीण आहे, सव्वा महिना होऊ दे, आपोआप सुधारेल, पहिल्या वेळी कुठं असं काही झालं होतं? जावई शनिवार-रविवार येऊन जातात. डॉक्टरकडे न्यावं का, आणि गोळ्या सुरू झाल्या तर अंगावरचं दूध बंद करावं लागेल का, हे तुम्हाला विचारायचं आहे.

आधी उत्तर देते, कारणं मागून. डॉक्टरकडे न्या, याच आठवड्यात न्या. दूध बहुतेक करून बंद करावं लागणार नाही.

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, तालुक्याच्या गावात २३ वर्षं बाळंतपणं करते. मानसोपचारतज्ज्ञ नाही. पण बाळंतिणीला बाळंतपणानंतर पहिल्यांदा माझ्यासारखीच कोणीतरी भेटते, टाके बघायला. सुरुवातीची काही वर्षं मी टाके बघायचे, दूध येतं का विचारायचे, लोह-कॅल्शियम लिहून द्यायचे आणि पुढच्या पेशंटला हाक मारायचे. समोरची बाई "बरं आहे" म्हणायची आणि मी ते खरं धरायचे. त्या वर्षांत माझ्या हातून किती जणी तशाच घरी गेल्या असतील, याचा विचार आजही मनातून जात नाही. म्हणून हे जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या आईचं म्हणणं उडवून लावू नका, कारण ते अर्धं बरोबर आहे. वार पडली की गरोदरपणात चढलेली संप्रेरकं दोन-चार दिवसांत झपकन उतरतात. त्याच सुमाराला छाती दाटते, दूध उतरतं, टाके ओढतात, रात्री जागरण. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी कारण नसताना रडू येणं हे निम्म्याहून जास्त बायकांना होतं. पाचवीच्या पूजेला बाळंतीण हमसून हमसून रडते आणि म्हाताऱ्या बायका "होतं गं" म्हणत पाठीवरून हात फिरवतात, त्या काही चुकीचं करत नाहीत. हे रडू दहा-बारा दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत ओसरतं. औषध लागत नाही.

अडचण दोन आठवड्यांनंतर सुरू होते. सव्वा महिन्याची रीत अंगाच्या विश्रांतीसाठी आहे आणि त्यासाठी ती चांगलीच आहे. मनाला मात्र ते कॅलेंडर लागू पडत नाही. तुमच्या बहिणीचा आज २६ वा दिवस आहे, म्हणजे साध्या रडण्याची मुदत संपून बारा दिवस झाले. त्यात जेवण सुटलं आहे आणि बाळाशी नातं जुळत नाही असं ती स्वतः सांगते आहे. हे मिळून जे दिसतं त्याला आम्ही बाळंतपणानंतरचं नैराश्य म्हणतो. भारतातल्या अनेक अभ्यासांचा २०१७ साली एकत्र हिशेब झाला, त्यात हे प्रमाण २२ टक्क्यांच्या आसपास आलं होतं. साधारण पाचांत एक. तुमच्या गल्लीत गेल्या दोन वर्षांत पाच बाळंतपणं झाली असतील तर त्यातली एखादी यातून गेली असेल, कोणाला न सांगता.

मी तिला पाहिलेलं नाही, त्यामुळे काही गोष्टी तुम्हालाच जवळ बसून पाहाव्या लागतील. सगळ्यांत महत्त्वाचं ते वाक्य. ती नेमकं काय म्हणाली? "ही माझी वाटत नाही" म्हणाली, की "ही माझी नाहीच, दवाखान्यात बदलली" म्हणाली? ऐकायला जवळजवळ सारखं वाटतं, पण यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्या वाक्यात तिला ठाऊक आहे की मूल तिचंच आहे. आतून माया उमलत नाही, याचं तिला दुःख आहे, लाज आहे. नैराश्यात हे फार जणींना होतं आणि उपचारांनी ती माया परत येते. दुसऱ्या वाक्यात तिचा वास्तवाशी सांधा सुटला आहे. ते दुसरं असेल, किंवा दोन-तीन रात्री झोप नसूनही ती थकलेली दिसत नाही, असंबद्ध बोलते, घरच्यांचा संशय घेते, कानात आवाज येतात म्हणते, देवाने आज्ञा केली म्हणते, तर हा वेगळा आणि तातडीचा आजार आहे. हजारात एक-दोघींना होतो, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच. तेव्हा आठवड्याची वाट बघायची नाही. त्याच दिवशी, रात्र असेल तर रात्री, मानसोपचार विभाग असलेल्या मोठ्या रुग्णालयात न्यायचं, आणि तोवर बाळाजवळ तिला एकटीला ठेवायचं नाही. अशा वेळी घरात बाहेरची बाधा, नजर, अंगात येणं असे शब्द निघतात. दृष्ट काढायची असेल तर जरूर काढा, पाच मिनिटांचं काम आहे. पण गाडी दारात उभी करून काढा.

तुमच्या लिहिण्यावरून मला पहिला प्रकार वाटतो. तरी खात्री करून घ्या.

आता तो प्रश्न, जो मी आज प्रत्येक बाळंतिणीला विचारते: बाळ झोपल्यावर तुला झोप लागते का? नवी आई थकलेली असतेच. तिला बाळाने उठवलं म्हणून जाग आली, तर ते बाळंतपण आहे. पण बाळ शांत झोपलंय, शेजारी आई आहे, दिवा मालवलाय आणि तरी ती टक्क डोळ्यांनी आढ्याकडे बघत पडली आहे, तर ते आजाराचं लक्षण आहे. मला हे एका वहीने शिकवलं.

एक मुलगी अकराव्या दिवशी टाके दाखवायला आली. शिक्षिका होती, व्यवस्थित. पाजण्याच्या वेळांविषयी विचारलं तर पिशवीतून शंभर पानी वही काढली. पट्टीने रेघा मारून रकाने पाडलेले: वेळ, कोणत्या बाजूला पाजलं, शी, शू. मी कौतुकाने पान उलटलं. रात्रीच्या नोंदी होत्या. १.१० पाजलं. १.४५ झोपलं. आणि त्याखाली त्याच वळणदार अक्षरात: २.०० श्वास चालू. २.२० श्वास चालू. २.४० श्वास चालू. ३.०० श्वास चालू. पहाटेपर्यंत तसंच. अकरा रात्री. घरात सगळे म्हणत होते, किती काळजी घेते बाळाची. मी वही मिटली, नवऱ्याला आणि सासूबाईंना बाहेर बसायला सांगितलं, आणि विचारलं, "तुला झोप लागते का?" तेव्हा ती बोलली. बाळाला घेऊन जिन्याजवळून गेलं की आपण त्याला खाली टाकतोय असं चित्र डोळ्यांसमोर येतं, म्हणून जिना उतरणंच सोडलंय. सुरी दिसली की स्वयंपाकघरातून बाहेर येते. "मी आई म्हणून राक्षस आहे का हो?"

हे मुद्दाम लिहिलं, कारण तुमच्या बहिणीच्या मनातही असं काही असू शकतं आणि ती ते मेली तरी तुम्हाला सांगणार नाही. असे नको ते विचार खूप आयांना येतात. ज्या बाईला त्या विचाराची भीती वाटते, जी त्यापासून पळते, ती बाळाला इजा करण्याच्या वाटेवर नसते. तिचं मन काळजीने अतिसावध झालेलं असतं. ती बोललीच तर दचकू नका. "असं कसं मनात येतं तुझ्या!" हे वाक्य तोंडातून निघालं की दार बंद होतं. त्या मुलीचं पुढे चांगलं झालं. औषध, समुपदेशन आणि रात्रीची झोप या तिन्हींनी तीन महिन्यांत ती सावरली.

पहिल्या वेळी झालं नाही, मग आताच का? याला एक कारण नसतं. आधीच्या बाळंतपणात झालं नाही म्हणजे पुढे होणार नाही, असं मुळीच नाही. पण तुम्ही जाता जाता लिहिलेल्या दोन गोष्टींपाशी मी थांबले. एक, दुसरीही मुलगी. सासरचं कोणी काही बोललं नाही असं तुम्ही म्हणता. न बोलणंही ऐकू येतं हो. पहिल्या वेळी पेढे किती किलो होते आणि या वेळी किती, हे बाळंतीण मोजत असते. गोव्यातल्या एका जिल्हा रुग्णालयात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरोदरपणापासून बायकांचा पाठपुरावा केला होता, तो अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आयांना नैराश्य आढळलं, आणि त्याच्याशी जोडलेल्या गोष्टी होत्या गरिबी, नवऱ्याशी बिघडलेले संबंध आणि मुलगी होणं. तुमच्या बहिणीला कोणी टोचून बोललं का, हे तिला एकटीला विचारा. मारहाणीचा किंवा धाकाचा काही भाग असेल तर तोही डॉक्टरांना कळला पाहिजे.

दुसरी गोष्ट थोरली. चार वर्षांची पोर महिनाभर डोळ्यांआड आहे. कुशीतल्या मुलीकडे बघितलं की तिला पुण्याची मुलगी आठवत असेल, हे तुम्ही विचारात घेतलंय का? बालवाडीचे तीन आठवडे बुडाले तर काही बिघडत नाही. जमत असेल तर तिला बोलवून घ्या.

दवाखान्यात काय होईल ते सांगते. आधी तिच्या प्रसूतीच्या डॉक्टरकडे न्या आणि रक्त तपासून घ्या: हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२. सिझेरियनमध्ये रक्त गेलेलं असतं, आपल्याकडे निम्म्याहून जास्त गरोदर बायका मुळातच पंडुरोगी असतात, आणि थायरॉइड बाळंतपणानंतर हलतं. या तिन्हींमुळे थकवा आणि उदासी येते, आणि नैराश्य असेल तर ते वाढतं. पण रिपोर्ट चांगले आले म्हणजे तिला काही झालेलं नाही, असा अर्थ काढू नका. उदासी रक्तात सापडत नाही.

मग दहा प्रश्नांची एक यादी असते. १९८७ साली स्कॉटलंडमध्ये तयार झाली, एडिनबराच्या नावाने ओळखली जाते, जगभर वापरतात. गेल्या सात दिवसांत हसू आलं का, विनाकारण स्वतःला दोष दिला का, असे साधे प्रश्न. मी ते मराठीत, बोलत बोलत विचारते. शेवटचा प्रश्न स्वतःला काही करून घेण्याच्या विचारांचा आहे. तो तुम्हीही विचारू शकता, विचारायलाच हवा: "जगणं नको, स्वतःचं काही करून घ्यावं असं मनात येतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट इतके दिवस एकटीने वाहिलेलं ओझं खाली ठेवता येतं. हो म्हणाली तर तिला एकटी सोडू नका आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. रात्री-अपरात्री काही सुचलं नाही तर सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा १४४१६ हा नंबर लावा. फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

आजार सौम्य असेल तर घरची व्यवस्था बदलणं आणि आठवड्याला एकदा समुपदेशन, एवढ्याने भागतं. मध्यम किंवा जास्त असेल तर गोळ्या लागतात. दूध पाजणाऱ्या आईला बहुधा सर्ट्रालिन देतात, कारण ते दुधातून बाळापर्यंत फारच थोडं जातं. बाळ पुऱ्या दिवसांचं आणि निरोगी असेल तर पाजणं चालू ठेवता येतं. कमी दिवसांचं, कमी वजनाचं असेल तर बालरोगतज्ज्ञाला विचारून ठरवतात. गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, म्हणून पाचव्या दिवशी "काही फरक नाही" म्हणून सोडू नका. बरं वाटू लागल्यावरही साधारण सहा महिने ते वर्षभर ती घ्यावी लागते आणि कमी करायची ती डॉक्टरच करतात. सवय लागेल, ही भीती सगळ्यांना असते. या प्रकारच्या गोळ्यांची नशेसारखी सवय लागत नाही. बाळंतकाढा किंवा इतर काही चालू असेल तर ते डॉक्टरांना सांगा, लपवू नका.

वेड लागलं म्हणतील, बाळ काढून घेतील, या धास्तीने कितीतरी जणी गप्प राहतात. तिला सांगा की २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातच लिहिलं आहे: उपचारासाठी दाखल झालेल्या आईपासून तिचं तीन वर्षांखालचं मूल सहसा वेगळं करायचं नाही. बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आजारांच्या सरकारी रुग्णालयात तर आई आणि बाळाला एकत्र ठेवून उपचार करणारा विभाग आहे. तुमच्या बहिणीला दाखल करावं लागेल असं मला वाटत नाही, पण भीती घालवायला हे उपयोगी पडतं.

आता घर. इथे मी हट्टी आहे. औषध लिहिण्याआधी मी रात्रीची वाटणी लिहून देते. तिला रोज रात्री चार-पाच तास सलग झोप मिळाली पाहिजे. तुकड्यातुकड्यांनी मिळालेली आठ तासांची झोप त्याची बरोबरी करत नाही. तिने साडेनऊला पाजावं, थोडं दूध काढून ठेवावं आणि दुसऱ्या खोलीत जाऊन झोपावं. मधलं एक पाजणं आई, तुम्ही किंवा जावई वाटी-चमच्याने नाहीतर बोंडल्याने करा. काढलेलं दूध लगेच फ्रिजमध्ये आतल्या बाजूला ठेवलं तर रात्रीपुरतं आरामात टिकतं. द्यायच्या वेळी वाटी कोमट पाण्यात धरायची, गॅसवर तापवायची नाही. छाती फार दाटली तर ती उठेल, उठू दे. पण बाळ रडतंय म्हणून नको. जावयांनी शनिवारी येऊन बाळाचे फोटो काढण्यापेक्षा शनिवार-रविवारच्या दोन्ही रात्री आपल्या अंगावर घ्याव्यात. हे त्यांना स्पष्ट शब्दांत सांगा. बहुतेक नवऱ्यांना काय करायचं हेच कोणी सांगितलेलं नसतं, सांगितलं की करतात. एकटी पडूनही झोप लागत नसेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. उपचार ठरवताना त्याचा फार उपयोग होतो.

माहेरच्या चांगल्या गोष्टी चालू ठेवा: मालिश, गरम पाणी, हळिवाची खीर. खोलीच्या खिडक्या मात्र उघडा. कानाला फडकं बांधून अंधाऱ्या खोलीत महिनाभर बसलेल्या बाईचा दिवस-रात्रीचा हिशेब चुकतो आणि झोप आणखी बिघडते. सकाळच्या उन्हात अंगणात अर्धा तास खुर्ची टाकून द्या. बंद खोलीत निखाऱ्यांची शेगडी आणि धुरी नको, ती बाळाच्या छातीला आणि दोघींच्या जिवाला वाईट. बघायला येणाऱ्यांना दोन आठवडे थोपवा. "दूध पुरतं का?" आणि "बाळ बारीक दिसतं" ही वाक्यं घेऊन येणारे पाहुणे मी माझ्या बाळंतिणींना औषधाइतक्याच ठामपणे बंद करते.

तिच्याशी बोलताना समजूत घालू नका. "इतकं गोड बाळ आहे, कशाला रडतेस" यातून तिला एवढंच ऐकू येतं की आपण कृतघ्न आहोत. बाळ दुसऱ्याकडे द्या, तिच्या पायाला तेल लावत बसा आणि गप्प राहा. ती बोलेल. गोव्यातच नंतर एक प्रयोग झाला, त्यात वस्तीतल्या मुलंबाळं असलेल्या साध्या बायकांना शिकवून 'सखी' म्हणून उदास गरोदर बायकांच्या घरी पाठवलं. त्या डॉक्टर नव्हत्या. त्या यायच्या, बसायच्या, ऐकायच्या, छोटी छोटी कामं ठरवून द्यायच्या. अनेकींना त्याचा उपयोग झाला. तुम्ही तिची सख्खी बहीण आहात, तुम्हाला याहून जास्त जमेल.

सव्वा महिन्याने तिला पुण्याला पाठवायची घाई करू नका. माहेरून सासरी परतण्याच्या आठवड्यातच अनेकींचं पुन्हा घसरतं, कारण इथले चार हात तिथे एकदम दोन होतात. उपचार सुरू होऊन दोन-तीन आठवडे झाले, झोप बसली, मग पाठवा, आणि पुण्यातल्या डॉक्टरची वेळ ती निघण्याआधीच घेऊन ठेवा.

आईंना कसं पटवायचं? नैराश्य, मानसिक वगैरे शब्द वापरू नका. म्हणा, "महिना होत आला, अशक्तपणा जात नाही, टाके आणि रक्त दाखवून येऊ." खोटं नाही ते. बाळाला पाजूनच निघा, बाळ बरोबर घ्या, आईंनाही घ्या. डॉक्टरांना तुम्ही आधी फोन करून सगळं सांगून ठेवा, रात्रीचं आणि त्या वाक्याचं विशेष करून. आणि तपासणी झाली की तुम्ही बाळाला घेऊन आईंबरोबर बाहेरच्या बाकावर या, आणि ती आत डॉक्टरांजवळ दहा मिनिटं एकटी बसेल असं बघा.